ओंडक्यांच्या घरातला खिळा

गेल्या अंकात मी जॉन ऑलिव्हरच्या घराबद्दल दीड पान लिहिलं आणि पत्रांनी टेबल भरलं. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत टेनेसी राज्याच्या पूर्वेला ग्रेट स्मोकी पर्वतरांगा आहेत. त्यांच्या कुशीत केड्स कोव्ह नावाचं खोरं आहे. या खोऱ्यात वस्तीला आलेल्या पहिल्या गोऱ्या कुटुंबाचं, १८२०च्या दशकातलं, ओंडक्यावर ओंडका चढवून बांधलेलं घर राष्ट्रीय उद्यानानं जपून ठेवलं आहे.

मी इतिहासाची प्राध्यापिका नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे टेनेसीत सव्वीस वर्षं काढली. त्यातली अकरा वर्षं दर शनिवारी एका छोट्या संग्रहालयाच्या आवारातल्या जुन्या केबिनमध्ये, म्हणजे अशाच ओंडक्यांच्या घरात, चूल पेटवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती सांगायची, हे बिनपगारी काम केलं. त्यामुळे माझ्या उत्तरांना थोडा धुराचा वास येईल.

ताई, तुम्ही लिहिलंत की या घराच्या भिंतींत एकही खिळा नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, मला हे पटत नाही. मग भिंती उभ्या कशावर आहेत?

स्वतःच्याच वजनावर.

चार कोपऱ्यांवर, मधे लागतील तशा आणखी, दगडांच्या बैठका रचायच्या. त्यांवर सगळ्यांत जाड, सगळ्यांत टिकाऊ लाकडाचे तळओंडके टाकायचे. मग वरचे ओंडके एकाआड एक, आडवे-उभे चढवत जायचं. सगळी करामत कोपऱ्यातल्या खाचेत असते. घाईचं काम असेल तर ओंडका गोलच ठेवून त्यात खोगिरासारखी खाच पाडत. निगुतीचं काम असेल तर ओंडका दोन बाजूंनी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं तासून सपाट करत आणि टोकाला कबुतराच्या शेपटीसारखी, एका अंगानं उतरती खाच पाडत. हा उतार बाहेरच्या बाजूला असतो. वरच्या ओंडक्याचा भार खाचेवर आला की सांधा आवळत जातो, ओढला तरी सुटत नाही. शिवाय पावसाचं पाणी उतारावरून बाहेर पडतं, कोपऱ्यात मुरत नाही. खिळा ठोकला असता तर लाकूड आक्रसताना तो सैल झाला असता आणि गंजून लाकूडही खाल्लं असतं.

तुमच्यातल्या अभियंत्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे भिंती उभ्या राहतात तेव्हा दार नसतंच! आधी चारी बाजूंनी बंद पेटारा तयार करायचा, मग करवतीनं दाराची जागा कापून काढायची. कापलेली टोकं लोंबकळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लावून लाकडी खुंट्या ठोकायच्या. खुंट्या लागतात त्या इथे. आमच्या केबिनमध्ये लहान मुलांना मी विचारायची, "घर बांधणारे बाहेर कसे आले?" मोठ्यांपेक्षा मुलं लवकर ओळखायची.

बाकी घरभर खिळाच नसतो असं माझं म्हणणं नव्हतं. दाराला, छपराला पुढे खिळे आलेच. पण सुरुवातीच्या काळात खिळा म्हणजे लोहारानं एकेक करून घडवलेली वस्तू, आणि डोंगरात लोहार सहजासहजी मिळायचा नाही. सतराव्या शतकात व्हर्जिनियात लोक गाव सोडून जाताना खिळे परत मिळावेत म्हणून घरच जाळत, आणि ते थांबवायला कायदा करावा लागला होता. म्हणून छपरावरही ओकच्या फाडलेल्या फळ्या टाकून त्यांवर आडव्या दांड्यांचं वजन ठेवायची पद्धत होती. फाडलेल्या म्हणते आहे, कापलेल्या नाही. 'फ्रो' नावाचं काटकोनी हत्यार असतं. त्याचं पातं ओंडक्याच्या टोकावर धरून वर लाकडी मोगरी मारली की लाकूड आपल्या रेषेनं उकलतं. रेषा तुटत नाही म्हणून पाणी आत जिरत नाही.

हे काम एकटा माणूस करत नसे. नवरा-बायको आधी आठवडेच्या आठवडे झाडं तोडून, तासून ठेवत. मग ठरल्या दिवशी शेजारपाजारचे लोक जमत, चार कोपऱ्यांवर कुऱ्हाडीत पटाईत असलेले चार जण बसत, बाकीचे ओंडके वर सरकवत, आणि एकदोन दिवसांत भिंती उभ्या राहत. 'घर पाहावं बांधून' ही म्हण तिथे लागू पडते, फक्त ते घर दहा जणांच्या हातानं बांधून पाहायचं.

मी मुलीला शिकवते आहे. इंग्लंडहून आलेले पहिले लोक अशाच घरांत राहिले ना? तिच्या पुस्तकातलं चित्र तसंच आहे.

चित्र काढणाऱ्यानं खूप नंतरचं घर आधीच्या काळात नेऊन ठेवलं आहे. जेम्सटाउन आणि प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांना ही पद्धत माहीत नव्हती. इंग्लंडमध्ये इमारती लाकूड जपून वापरायची सवय, त्यामुळे ते लाकडाचा सांगाडा उभा करून मधे कूड-माती भरत, वर फळ्या लावत. ओंडके रचायची विद्या आणली ती उत्तर युरोपातल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. १६३८ साली डेलावेअर नदीकाठी 'न्यू स्वीडन' ही वसाहत झाली, आजचं विल्मिंग्टन शहर जिथे आहे तिथे. मागून पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मनांकडेही हे ज्ञान होतं. त्यांचं पाहून उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉट्स-आयरिश लोकांनी ते उचललं आणि अ‍ॅपलाशियन डोंगरांच्या घळींतून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे नेलं. म्हणजे ज्याला आज 'अस्सल अमेरिकन' म्हणतात ते घर आहे फिनलंड-स्वीडनचं, पसरवलं आयर्लंडवाल्यांनी.

आणि त्याचा अभिमान वाटायला लागला तो एका निवडणुकीनंतर. १८४० साली विल्यम हेन्री हॅरिसन अध्यक्षपदाला उभे होते. विरोधी पक्षाच्या एका वर्तमानपत्रानं टोमणा मारला की म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचं एक पिंप द्या, पेन्शन द्या, बसेल आपल्या लॉग केबिनमध्ये. हॅरिसनच्या पक्षानं तो टोमणाच झेंडा केला. मिरवणुकांत चाकांवर केबिनी फिरल्या, पिंपं फुटली, माणूस निवडून आला. जन्म मात्र व्हर्जिनियात मोठ्या जमीनदाराच्या विटांच्या वाड्यात! शपथ घेतल्यावर एकतिसाव्या दिवशी ते वारले. केबिन मात्र राजकारणात राहिली.

लिंकनची केबिन आम्ही केंटकीत पाहिली. संगमरवरी मंदिरात ठेवलेली, डोळे भरून आले. पण फलकावर 'प्रतीकात्मक' असं काहीसं लिहिलं होतं. म्हणजे ती खरी नाही का?

नाही. पण तिची गोष्ट खऱ्या केबिनपेक्षा सुरस आहे, म्हणून सविस्तर सांगते.

अब्राहम लिंकन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी हॉजनव्हिलजवळच्या 'सिंकिंग स्प्रिंग' शेतावर जन्मले. दोन वर्षांत कुटुंब तिथून हललं. त्या केबिनची कोणी नोंद ठेवली नाही; ठेवणार तरी का, गरीब शेतकऱ्याचं बाळ ते. लिंकनची हत्या झाली १८६५ साली, आणि जन्मघराची किंमत लोकांना कळली त्याहून कितीतरी नंतर. १८९४ साली आल्फ्रेड डेनेट नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यावसायिकानं ते शेत विकत घेतलं. पाहायला काहीतरी हवं, म्हणून शेजारच्या शेतातली एक जुनी केबिन उतरवून तिच्या ओंडक्यांची या जागी केबिन उभारली. तरी गर्दी होईना. मग त्यानं ती सुटी केली आणि १८९७ साली नॅशव्हिलच्या प्रदर्शनात नेली. सोबत आणखी एक केबिन दाखवायला ठेवली होती. कोणाची म्हणाल? जेफरसन डेव्हिसची, म्हणजे यादवी युद्धात लिंकनच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या दक्षिणेच्या अध्यक्षाची. दोघेही केंटकीचेच. पुढे दोन्ही केबिनींचे ओंडके एकत्र बांधून गावोगाव फिरले, १९०१ साली बफेलोच्या प्रदर्शनातही गेले, आणि त्या हलवाहलवीत कोणता ओंडका कोणाचा हे कळेनासं झालं. युद्धात जे जमलं नाही ते गोदामात जमलं.

१९०६ साली लिंकनच्या नावाच्या एका संस्थेनं ते ओंडके विकत घेतले. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली, लिंकनच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, स्मारकाची कोनशिला बसवली. वास्तुकार जॉन रसेल पोप. छप्पन्न पायऱ्या, कारण लिंकन छप्पन्न वर्षं जगले. इमारत तयार झाल्यावर लक्षात आलं की आत केबिन ठेवली तर लोकांना भोवती फिरायला जागा उरत नाही. इमारत वाढवता येईना, म्हणून केबिन कापून लहान केली. १९११ साली अध्यक्ष टॅफ्ट यांच्या हस्ते स्मारक खुलं झालं.

२००४ साली शास्त्रज्ञांनी ओंडक्यांची वलयं मोजली. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. पाऊसपाणी चांगलं तेव्हा रुंद, दुष्काळात अरुंद. त्या भागातल्या जुन्या लाकडांशी हा क्रम जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं, विशेषतः सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर. उत्तर आलं की सगळ्यांत जुना ओंडकाही १८४८च्या सुमाराचा. त्या साली लिंकन एकोणचाळीस वर्षांचे होते आणि वॉशिंग्टनमध्ये खासदार म्हणून बसत होते.

म्हणून 'प्रतीकात्मक'. उद्यानानं फलक बदलला हे मला आवडतं. तुमचे डोळे भरले ते लिंकनसाठी, ओंडक्यासाठी नव्हे. ते फुकट गेले असं मनात आणू नका.

एका खोलीत किती माणसं राहायची?

नेब्रास्कात बिअ‍ॅट्रिस गावाजवळ होमस्टेडचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथली पामर-एपार्ड केबिन बघा. जॉर्ज पामर यांनी ती १८६७ साली बांधली. नेब्रास्का राज्य झालं ते त्याच वर्षी. मूळ खोली चौदा फूट बाय सोळा फूट. पामर नवरा-बायको आणि त्यांची दहा मुलं. पुढे मागच्या अंगाला दहा बाय बाराची पडवी काढली. पामर गेले, मग एपार्ड कुटुंब तिथे जवळजवळ चाळीस वर्षं राहिलं. १९५० साली केबिन मूळ जागेवरून उचलून उद्यानात आणली.

तिथे लोक का गेले? १८६२ साली लिंकननं सही केलेल्या 'होमस्टेड' कायद्यानं एकशे साठ एकर जमीन मिळायची. फी सगळी मिळून अठरा डॉलर. अट अशी की घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं तिथे राहायचं, आणि शेवटी दोन शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची. म्हणजे ते घर निवारा होता तसाच सरकारदरबारी दाखवायचा पुरावाही होता. एवढ्या माणसांना ते का पुरायचं याचं उत्तर असं की घरात लोक फक्त झोपायचे, जेवायचे आणि थंडी काढायचे. बाकी आयुष्य बाहेर. मुलं माळ्यावर, शिडीनं चढून.

मी अमेरिकेत एक जुनं फार्महाउस घेतलं आहे. स्वयंपाकघराची भिंत उघडली तर फळ्यांखाली तासलेले ओंडके निघाले! सगळ्या फळ्या काढून ओंडके उघडे करावेत आणि फटी सिमेंटनं भराव्यात असा विचार आहे. ठेकेदार तयार आहे.

ठेकेदाराला दोन महिने थांबायला सांगा. सिमेंटच्या गोणीला तर हातही लावू देऊ नका.

यात माझा स्वतःचा गुन्हा आहे. आमच्या संग्रहालयातल्या केबिनच्या उत्तरेकडच्या भिंतीतली माती गळायला लागली होती. आम्ही सगळ्या हौशी स्वयंसेवकांनी एका शनिवार-रविवारात ती खरवडून काढली आणि पांढरं स्वच्छ सिमेंट भरलं. मी स्वतः घमेलं धरलं होतं. फोटो काढले, केक कापला. चार पावसाळी हिवाळ्यांनंतर एका सुतारानं खालून तिसऱ्या ओंडक्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. सुतार काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

कारण साधं आहे. लाकूड ओल्या हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. कडक सिमेंट जागचं हलत नाही. दोघांमधे केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. ते खालच्या ओंडक्याच्या माथ्यावर साचून राहतं. जुने लोक फटीत लाकडाच्या चिपा किंवा दगड बसवून वर माती-चुन्याचं लिंपण करत. ते झिजतं, पडतं, दर एकदोन वर्षांनी हात फिरवावा लागतो. पण त्यात झिजतं ते लिंपण, ओंडका नाही. ज्यांच्या घरी भिंती सारवल्या जायच्या त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता फळ्यांचं. त्या कोणी लपवाछपवीसाठी मारलेल्या नसतात. हातात चार पैसे आले की कुटुंबं ओंडक्यांवर फळ्या मारून घेत, घर उबदार होई आणि शेजाऱ्यांत मानही वाढे. तुमचे ओंडके इतकी वर्षं टिकले ते या फळ्यांमुळेच. एकदा त्या काढल्या की पाऊस थेट लाकडावर येणार. आतल्या एका भिंतीला चौकट करून ओंडके दाखवा, बाहेरून राहू द्या. तळओंडके मात्र आधी टोचून तपासा, भिंतीला टेकलेली माती दूर करा, छपराचं पाणी घरापासून लांब पडेल असं बघा.

वय ओळखायचं असेल तर फळ्यांचे खिळे जपून ठेवा. लोहारानं घडवलेला खिळा चारी बाजूंनी निमुळता असतो. यंत्रावर कापलेला दोनच बाजूंनी निमुळता असतो, तो साधारण एकोणिसाव्या शतकातला. तारेचा गोल खिळा १८९०च्या आसपास सगळीकडे आला. फळीवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर वरखाली चालणारी जुनी करवत, अर्धगोल असतील तर चकती. एक खबरदारी: यावरून फळ्यांचं वय कळतं. ओंडके त्याहून जुने असणार, किती ते वलयं सांगतील.

आम्ही गेल्या महिन्यात केड्स कोव्हला अकरा मैलांचा फेरा मारून आलो. सगळीकडे लॉग केबिनी, गवत, हरणं. प्रश्न पडला की १९३० सालापर्यंत हे लोक इतके मागासलेले कसे राहिले?

राहिले नव्हते. तुम्हाला तसं वाटावं अशी जागा लावली आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खोऱ्यात फळ्यांची रंगवलेली घरं होती, शाळा होत्या, दुकानं होती, टपाल येत होतं. ते टपाल वाटणारा माणूस कोण? जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर, पहिल्या जॉन ऑलिव्हरचा पणतू. तो पर्यटकांसाठी निवासही चालवायचा. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना निघाली तेव्हा गावकऱ्यांना आश्वासन मिळालं की तुमच्या जमिनींना धक्का लागणार नाही. पुढे राज्यानं सक्तीनं जमीन घेण्याचा कायदा केला, रॉकफेलर निधीतून पन्नास लाख डॉलर आले, आणि नोटिसा निघाल्या. जॉन डब्ल्यू. कोर्टात गेला. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला, वर्षानुवर्षं भांडला, आणि हरला. १९३७च्या अखेरीस त्यानं घर सोडलं.

मग उद्यानानं ठरवलं की इथे 'पहिल्या वसाहतकारांचा काळ' दाखवायचा. फळ्यांची घरं त्या चित्रात बसेनात, ती बहुतेक सगळी पाडली. ओंडक्यांची ठेवली, डागडुजी केली. पणजोबाचं घर उरलं, पणतूचं गेलं. खोऱ्यात बेकी केबल यांचं एक फळ्यांचं घर आहे, तेही मूळ जागेवरून गिरणीजवळ आणून ठेवलेलं. तिथे गेलात तर थांबून बघा. बाकीची घरं कशी असतील याचा अंदाज त्यावरून येतो.

आणि तुम्ही केबिनी पाहिल्यात म्हणता, हेन्री व्हाइटहेडचं घर पाहिलंत का? तिथे दोन घरं पाठीला पाठ लावून आहेत. एक अगदी ओबडधोबड, वेड्यावाकड्या दगडांचं धुराडं. दुसरं करवतीनं चौकोनी कापलेल्या ओंडक्यांचं, फटी जवळजवळ नाहीत, धुराडं विटांचं. पहिलं घर भावांनी बहिणीसाठी घाईघाईनं उभं केलं. मटिल्डा शील्ड्सला नवऱ्यानं टाकलं होतं, पदरात लहान मुलगा होता. दुसरं हेन्रीनं बांधलं. तो विधुर, तीन मुलींचा बाप, त्यानं मटिल्डाशी लग्न केलं. काळ कोणता, शैली कोणती याची शंभर व्याख्यानं ऐकण्यापेक्षा त्या दोन धुराड्यांच्या मधे उभं राहावं. एक घर निकडीचं, दुसरं निवांतपणाचं.

ही सगळी 'पहिल्या कुटुंबां'ची घरं. त्याआधी तिथे कोणीच नव्हतं का? (कॉलेजात शिकते, वय १९)

तू विचारलंस ते बरं झालं. गेल्या अंकात 'पहिलं गोरं कुटुंब' लिहून मी पुढे सटकले होते.

ते खोरं चेरोकी लोकांचं होतं. त्यांची वस्ती होती, तिला ते त्सियाही म्हणत, पाणमांजरांची जागा. जॉन आणि ल्युक्रेशिया ऑलिव्हर १८१८ साली तिथे आले आणि चेरोकींनी कराराखाली तो भाग सोडला १८१९ साली. म्हणजे ऑलिव्हर आले तेव्हा जमीन कायद्यानंही त्यांची नव्हती. त्या पहिल्या हिवाळ्यात कुटुंब उपाशी मरायची वेळ आली होती. वाचवलं चेरोकींनी, वाळवलेला भोपळा देऊन. आणि जॉन ऑलिव्हर हा काही वर्षांपूर्वी अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्यात होता. तोच जॅक्सन पुढे अध्यक्ष झाला आणि १८३० साली आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवायचा कायदा त्यानं केला. १८३८ साली सैनिकांनी चेरोकींना घराबाहेर काढून पश्चिमेला चालवलं. वाटेत हजारो मेले.

मला जे कळायला फार वर्षं लागली ते तुला आत्ताच सांगते. त्या वेळी पुष्कळ चेरोकी कुटुंबं कशा घरांत राहत होती? ओंडक्यांच्या. तशाच खाचा, तसंच लिंपण, बाजूला मक्याचं शेत. आमच्या केबिनमध्ये मी वर्षानुवर्षं 'वसाहतकारांचं घर' म्हणून बोलत राहिले. एके दिवशी नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या एका चेरोकी आजींनी चुलीजवळ उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या पणजीचंही असंच होतं." मी पुढचं वाक्य विसरले.

नेब्रास्कातही तेच. पामर यांची केबिन उभी राहिली त्या बिग ब्लू नदीच्या भागात ओटो-मिसुरिया लोक होते. १८५४च्या करारानं त्यांची जमीन आक्रसली, १८८१ साली उरलेल्यांना ओक्लाहोमात पाठवलं. एकशे साठ एकर 'मोकळी' जमीन अशी मोकळी झाली होती.

ग्रेट स्मोकीचं उद्यान झालं तेव्हा सगळ्यांनाच जावं लागलं का?

नाही. वॉकर बहिणी राहिल्या. लिटल ग्रीनब्रायर भागात पाच अविवाहित बहिणी वडिलांच्या ओंडक्यांच्या घरात राहत होत्या. १९४० साली त्यांनी जमीन विकली, पण मरेपर्यंत राहायचा हक्क लिहून घेतला. सूत कातायचं, शेळ्यामेंढ्या, भाजी, भिंतींवर ऊब राहावी म्हणून चिकटवलेले वर्तमानपत्रांचे कागद. १९४६ साली एका मोठ्या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि लोकांची रीघ लागली. त्या हस्तकलेच्या वस्तू आणि सफरचंदाचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या तळलेल्या 'पाय' विकू लागल्या. एक बहीण, लुईसा, स्वतःच्या कविता विकायची. पुढे बहिणी एकेक करून वारल्या, उरलेल्या दोघी थकल्या, आणि १९५३ साली त्यांनी उद्यानाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून 'पाहुण्यांचं स्वागत आहे' ही पाटी काढून टाकायला सांगितलं. लुईसा १९६४ साली गेली. घर आजही आहे.

लिहायला लाज वाटते. आम्ही जोडून सुट्टी आली म्हणून मुलाला घेऊन केड्स कोव्हला गेलो होतो. मी चुलीचा फोटो काढत असताना त्यानं मागच्या भिंतीवर किल्लीनं नाव कोरलं. घरी आल्यावर सांगितलं. आता काय करावं?

मुलानं आपणहून सांगितलं, तेव्हा त्याला ओरडून झालं असेल तर आता थांबा.

हा तिथे रोजचा त्रास आहे. ऑलिव्हरच्या घरातही भिंती नावांनी भरल्या आहेत. राष्ट्रीय उद्यानात असं करणं गुन्हा आहे, पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ते पुसता येत नाही. कोरलेलं घासून काढायचं तर दोनशे वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडीच्या खुणाही त्याबरोबर जातात. म्हणून पुष्कळदा ते तसंच ठेवतात.

उद्यानाच्या कार्यालयाला पत्र लिहा. मुलाच्या हातानं लिहवून घ्या, खाली तुमची सही करा. कोणती केबिन, कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, किल्लीनं की चाकूनं, तारीख कोणती, हे नेमकं लिहा. उद्यानाला उपयोग त्या तपशिलाचा. उत्तरात ते काय म्हणतील ते मला कळवा. आणि मुलाला म्हणावं, या काकूनं एका अख्ख्या भिंतीत सिमेंट भरलं होतं.